परदेशातून निवृत्त होऊन बेळगावात राहायला येताना: आरोग्य विमा आणि दवाखान्याचा खर्च (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माझे काका-काकू न्यू जर्सीतली नोकरी संपवून टिळकवाडीतल्या जुन्या घरी राहायला आले, तेव्हा घर रंगवणं, बोअर दुरुस्त करणं, इन्व्हर्टर बसवणं या सगळ्याचा विचार वर्षभर आधी झाला होता. दवाखान्याचा विचार मात्र आल्यावर करू, असं ठरलं होतं. ते चुकलं, आणि चूक महागात पडली. त्यानंतर निपाणी, खानापूर, शहापूर, हिंदवाडीतली कितीतरी माणसं हेच प्रश्न घेऊन आमच्याकडे आली. अमेरिकेचा पासपोर्ट असलेली, लंडनहून परतलेली, आखातातून आलेली. त्यांना जे सांगितलं, तेच इथं लिहिते आहे.

तीस वर्षं अमेरिकेत कर भरला. तिथलं मेडिकेअर (पासष्टीपुढच्यांचा सरकारी आरोग्य विमा) बेळगावात चालतं का?

नाही. मेडिकेअर अमेरिकेबाहेरच्या उपचारांचे पैसे सहसा देत नाही, आणि भारतात कायमचं राहणाऱ्याला त्यातून काही मिळेल अशी आशा धरू नये. काही जणांकडे मेडिकेअरला जोड म्हणून घेतलेली मेडिगॅप पॉलिसी असते. तिच्या काही प्रकारांत परदेशातल्या तातडीच्या उपचारांची सोय आहे, पण ती प्रवाशासाठी. प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतलं आजारपण, आधी २५० डॉलर स्वतःचे, मग ८० टक्के, आणि आयुष्यभरात मिळून ५०,००० डॉलरची मर्यादा. दोन महिन्यांसाठी गावी आलेल्याला ती उपयोगी पडते. घर करून राहिलेल्याला नाही.

मग मेडिकेअरच्या पार्ट बीचे पैसे भरत राहू, की बंद करू?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर प्रत्येक घराचं वेगळं असतं.

पार्ट ए, म्हणजे दवाखान्यात भरती होण्याचा भाग, दहा वर्षं काम करून कर भरलेल्यांना हप्त्याविना मिळतो. तो सोडायचं काही कारण नाही. पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांची फी आणि भरती न होता घेतलेल्या उपचारांचा भाग, त्याला मात्र दरमहा हप्ता आहे. २०२५ मध्ये तो १८५ डॉलर होता, म्हणजे नवरा-बायको दोघांचे मिळून वर्षाला ४,४४० डॉलर. इथं राहून एकही पैशाचा उपयोग नसताना एवढी रक्कम भरायची हे जिवावर येतं, ते मला कळतं.

पण बंद केलं आणि पुढे परत जावं लागलं, तर दंड आहे. पार्ट बी नसलेल्या प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांमागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो, आणि ही वाढ बहुतेकांना आयुष्यभर भरावी लागते. पाच वर्षं बंद ठेवलं तर दीडपट हप्ता. शिवाय परत गेल्यावर लगेच नाव घालता येईलच असं नाही. सर्वसाधारण नोंदणी दरवर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च एवढीच असते. ऑगस्टमध्ये परतलात तर जानेवारीपर्यंत थांबा.

माझं मत असं: मुलं-नातवंडं तिकडे असतील तर पहिली दोन-तीन वर्षं पार्ट बी चालू ठेवा. इथं मन रमतं का, पावसाळा सोसतो का, हे कळायला तेवढा काळ लागतो. जोडीदार गेल्यावर मुलांकडे परतणारी माणसं मी पाहिली आहेत. मुलगा किंवा मुलगी इथंच असेल आणि परतीची वाट खरोखर बंद असेल, तर हप्ता थांबवून तेच पैसे इथल्या विम्यात आणि ठेवीत घाला. सोशल सिक्युरिटीची पेन्शन आणि पार्ट बी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पार्ट बी सोडलं म्हणून पेन्शन जात नाही.

इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा आखातातून येणाऱ्यांचं काय?

इंग्लंडची सरकारी आरोग्य सेवा, एनएचएस, राहण्यावर अवलंबून आहे, नागरिकत्वावर किंवा भरलेल्या करावर नाही. कायमचं भारतात आलात की दवाखान्यातल्या मोफत उपचारांचा हक्क थांबतो. तब्येत दाखवायला म्हणून मध्येच तिकडे गेलात तर बिल येऊ शकतं. कायमचं राहायला परत गेलात तर हक्क पुन्हा मिळतो. युरोपात स्थायिक होणाऱ्या ब्रिटिश पेन्शनरांना तिथल्या उपचारांचा खर्च इंग्लंडकडून मिळवून देणारा एस-वन नावाचा फॉर्म मिळतो, पण तो भारतासाठी नाही. आणखी एक, जे फार जणांना उशिरा कळतं: भारतात राहणाऱ्यांची ब्रिटिश सरकारी पेन्शन दरवर्षी वाढत नाही, इथं आलात तेव्हा होती तिथंच गोठते. औषधं आणि विम्याचे हप्ते दरवर्षी वाढणार, पेन्शन नाही. हा हिशेब आधी मांडा.

कॅनडात आरोग्य सेवा प्रांतांची आहे. तिच्यासाठी ओंटारिओत बारा महिन्यांत किमान १५३ दिवस प्रत्यक्ष राहणं लागतं. ऑस्ट्रेलियाच्या मेडिकेअरचे (तिथली सरकारी सेवाही याच नावाची) ११ देशांशी परस्पर करार आहेत, त्यांत भारत नाही. आखातात विमा नोकरीबरोबर येतो आणि नोकरीबरोबर जातो. शेवटच्या पगाराच्या महिन्यानंतर हातात काही नसतं. पण आखातातून परतलेल्यांकडे सहसा भारतीय पासपोर्ट असतो, आणि त्याचा फायदा पुढच्या प्रश्नात आहे.

ओसीआय कार्ड आहे. आयुष्मान किंवा दुसरी सरकारी योजना मिळेल का?

ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारं कार्ड. त्यानं हवं तेवढे दिवस राहता येतं, विदेशी नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावं लागत नाही, बँक आणि विम्याचे व्यवहार करता येतात. पण ते भारतीय नागरिकत्व नव्हे. बारा महिन्यांत १८२ दिवस इथं राहिलात तर आधार मिळतं, म्हणून अनेकांना वाटतं की आता सगळंच मिळेल. आधार राहण्याचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही.

सत्तरीपुढच्यांसाठी उत्पन्नाची अट न घालता ५ लाखांचं संरक्षण देणारं आयुष्मान वय वंदना कार्ड केंद्रानं २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू केलं. कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक ही एकत्रित योजना आहे. तिच्यात दारिद्र्यरेषेखालच्या (बीपीएल) कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, तर रेषेवरच्या (एपीएल) कुटुंबाला उपचाराच्या ठरलेल्या पॅकेज-दराच्या ३० टक्के आणि तेही दीड लाखापर्यंतच मिळतं. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. येळ्ळूर-उचगावकडच्या आपल्या माणसांसाठी तो मोठा दिलासा होता, मात्र त्यावरून दोन राज्यांत वादही झाला.

भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी या योजनांची चौकशी जरूर करावी, कागद घेऊन सरकारी दवाखान्यात या योजनांसाठी मदत करणाऱ्या आरोग्यमित्राला भेटावं. परदेशी पासपोर्ट असलेल्यांनी म्हातारपणाची तजवीज यांच्या भरवशावर करू नये. त्यांच्यासाठी वाट खासगी विमा आणि स्वतःची ठेव, हीच.

वय ६८ आहे. इथं आता कोण विमा देणार?

देतात. विमा नियामक आयआरडीएआयनं एप्रिल २०२४ पासून नव्या पॉलिसीसाठीची ६५ वर्षांची वयोमर्यादा काढली. म्हणजे कंपनीला केवळ वयामुळे दार बंद करता येत नाही. तपासण्या करून जास्त हप्ता लावणं किंवा नाकारणं मात्र तिच्या हातात राहतं. ओसीआय असलेल्यांना पासपोर्ट, ओसीआय कार्ड, पॅन आणि इथला पत्ता लागतो. बहुतेक पॉलिसी फक्त भारतातल्या उपचारांपुरत्या असतात.

हप्त्याच्या बाजूनं दोन चांगल्या गोष्टी झाल्या आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. आणि जानेवारी २०२५ पासून साठीपुढच्यांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं.

तिकडे एवढी वर्षं विम्याचे हप्ते भरले, ते इथं धरत नाहीत का?

धरत नाहीत. भारतातली एक कंपनी सोडून दुसरीकडे गेलात तर झालेली वर्षं बरोबर येतात, त्याला पोर्टेबिलिटी म्हणतात. परदेशातल्या विम्याला ती लागू नाही. इथं तुम्ही पहिल्या दिवसापासून नवे. पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीही नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा बदलणं अशा ठरावीक उपचारांना वेगळी थांबण्याची मुदत. आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे आधीपासूनचे आजार असतील तर जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं.

म्हणून एकच गोष्ट ऐकणार असाल तर ही ऐका. परत यायचं ठरवलंत की त्याच्या तीन वर्षं आधी, सुट्टीत गणपतीला किंवा लग्नकार्याला बेळगावात आलात की तेव्हाच पॉलिसी घ्या. तपासण्या इथंच करा, दरवर्षी न चुकता हप्ता भरा. तुम्ही तिकडे असलात तरी इथली मुदत सरकत राहते. बॅगा घेऊन सांबऱ्याच्या विमानतळावर उतराल तेव्हा थांबायचे दिवस संपलेले असतील. काका-काकू दर दोन वर्षांनी येत होते. कुणी सांगितलं असतं तर त्यांची सगळी मुदत तिकडे बसूनच भरली असती.

जुना आजार फॉर्ममध्ये लिहिला तर हप्ता वाढतो. लिहावाच लागतो का?

लिहावाच लागतो. काकांची तिकडे एकदा अँजिओप्लास्टी झाली होती. ज्यानं पॉलिसी काढून दिली तो म्हणाला, "काका, ते परदेशातलं आहे, इथं कुठं दिसतंय? नका लिहू." काकांनी सही केली. दुसऱ्या वर्षी छातीत दुखायला लागलं, भरती केलं, आणि तपासणीत जुना स्टेंट दिसला. तो दिसणारच होता. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे केसपेपरवर लिहिलं, कंपनीनं क्लेम नाकारला आणि पॉलिसीही रद्द केली. काकूंनी ठेवी मोडून बिल भरलं. त्या वयात पुन्हा नवी पॉलिसी, पुन्हा पहिल्या दिवसापासून. खरं लिहिलं असतं तर हप्ता थोडा जास्त पडला असता, एवढंच.

सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की माहिती दडवली म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, अपवाद फसवणुकीचा. पण ही पाच वर्षं ढाल म्हणून वापरायचा विचार करू नका. सगळ्या जुन्या रिपोर्टांच्या प्रती बरोबर आणा, फॉर्म स्वतः भरा, आणि भरलेल्या फॉर्मची प्रत जपून ठेवा. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवस ती परत करता येते. त्या दिवसांत ती एकदा तरी सावकाश वाचा.

५ लाखांची पॉलिसी असूनही खिशातून एवढे पैसे का गेले?

बहुतेक वेळा खोलीमुळे. पॉलिसीत खोलीच्या भाड्याला मर्यादा असेल, समजा दिवसाला ५,००० रुपये, आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली, तर फक्त वरचे ३,००० तुमचे असं नसतं. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असे खोलीशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. ते खर्च १,६०,००० झाले असतील तर आठातले पाच भाग, म्हणजे एक लाखच मिळणार. साठ हजार तुमचे. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर अशी कपात करता येत नाही, तेव्हा तिथं कापलं असेल तर हरकत घ्या.

परदेशातून आलेल्यांना एकटी खोली, स्वच्छ बाथरूम हवं असतं, ते साहजिक आहे. मग खोलीची मर्यादा नसलेलीच पॉलिसी घ्या. को-पेची अट आहे का तेही बघा. २० टक्के को-पे म्हणजे प्रत्येक बिलाचा पाचवा हिस्सा तुमचा. आणि काही पॉलिसींत बेळगावच्या पत्त्यावर हप्ता कमी असतो, पण पुण्या-मुंबईत उपचार घेतले की कपात होते. मुलगी पुण्यात असेल तर हे आधी विचारून घ्या.

रात्री अचानक भरती करावं लागलं तर?

१०८ ला फोन करा किंवा जवळ असेल त्या दवाखान्यात न्या. विम्याच्या यादीतला दवाखाना शोधत गावभर फिरू नका. तातडीच्या वेळी आगाऊ रक्कम भरली नाही म्हणून प्राथमिक उपचार अडवता येत नाहीत. खासगी दवाखान्यांनी दर लावून ठेवावेत, असंही कर्नाटकच्या कायद्यात आहे.

कॅशलेसची, म्हणजे बिल कंपनीनं थेट दवाखान्याला देण्याची, विनंती आली की कंपनीनं एका तासात उत्तर द्यायचं, आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत, असा २०२४ पासून नियम आहे. यादीत नसलेल्या दवाखान्यातही कॅशलेस मिळू शकतं. तातडीच्या भरतीत ४८ तासांच्या आत कंपनीला कळवावं लागतं, आणि दवाखान्याची तयारी लागते. नाहीच जमलं तर आधी स्वतः भरून मग मागायचे. त्यासाठी डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, पावत्या, रिपोर्ट यांतला एकही कागद सोडू नका.

आता पैशाचं. आजारी पडलेला माणूस अतिदक्षता विभागात, बँकेचा ओटीपी त्याच्याच फोनवर, मुलं डॅलसला झोपेतून उठलेली, आणि काउंटरवर अनामत मागताहेत. हे आमच्या घरात झालं आहे. इथल्या बँकेत दोघांच्या नावे "दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो" अशा अटीचं खातं ठेवा, त्यात दोन-तीन लाख कायम असू द्या, आणि गल्लीतल्या एका विश्वासू नातेवाइकाला पॉलिसीचा नंबर, औषधांची यादी आणि कुठल्या कपाटात काय आहे हे सांगून ठेवा. कायमचं राहायला आलात की अनिवासी भारतीयांची एनआरओ-एनआरई खाती रहिवासी खात्यांत बदलावी लागतात. डॉलर डॉलरातच ठेवायचे असतील तर परकीय चलनातलं आरएफसी खातं उघडता येतं.

उपचार बेळगावात, कोल्हापुरात की गोव्यात?

आजोबांच्या काळी मोठं दुखणं म्हणजे मिरज. आता बेळगावात नेहरूनगरचं केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे हॉस्पिटल आहे, सरकारी बिम्स हॉस्पिटल आहे, हृदय-मेंदू-किडनीचे तज्ज्ञ शहरात मिळतात. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, आणि तेच सोयीचं. खासगी पॉलिसीला राज्याची सीमा आडवी येत नाही. सरकारी योजनांना येऊ शकते, हे ध्यानात असू द्या. गोव्याच्या बांबोळीच्या सरकारी दवाखान्यात २०१८ पासून बाहेरच्या रुग्णांना शुल्क आहे, आणि पावसाळ्यात रात्री चोर्ला घाटातून रुग्ण नेणं हे शेवटचं पाऊल असावं. खानापूर-जांबोटीकडच्या गावात घर बांधत असाल तर दवाखान्यापर्यंतचं अंतर जुलै महिन्यात एकदा स्वतः मोजून बघा.

कागद कन्नड किंवा इंग्रजीत आले तर सही करण्याआधी मराठीत समजावून सांगा म्हणायला संकोच करू नका. इथं मराठी बोलणारं कुणी ना कुणी दवाखान्यात असतंच.

विम्यात काय येतच नाही?

रोजची औषधं, डॉक्टरांची साधी भेट, बहुतेक पॉलिसींत चष्मा, दात आणि श्रवणयंत्र. आणि ज्याचा खर्च खरं तर सर्वांत लांबतो ते: घरी सांभाळायला ठेवलेली बाई किंवा माणूस, रात्रीची नर्स, डायपर, भाड्याचा पलंग. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला दवाखान्यात भरती केलं तर विमा लागू होतो, घरी वर्षानुवर्षं सांभाळायचा खर्च कुटुंबाचा. या खर्चासाठी वेगळी ठेव हवीच. औषधांसाठी डॉक्टरांकडून घटकाचं नाव लिहून घ्या. जनऔषधी केंद्रात तेच औषध बरंच स्वस्त मिळतं, आणि तिकडच्या ब्रँडचं नाव इथल्या दुकानदाराला कळत नाही. स्टेंट आणि गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे.

पत्नी जन्मानं परदेशी आहे. तिला हे सगळं लागू होतं का?

भारतात निवृत्तांसाठी वेगळा व्हिसा नाही. भारतीय नागरिकाच्या किंवा ओसीआयधारकाच्या जोडीदाराला, लग्न नोंदवून दोन वर्षं झाल्यावर, ओसीआयसाठी अर्ज करता येतो. ते हाती आलं की विमा घेणं सोपं होतं. ते येईपर्यंत तिकडचा आंतरराष्ट्रीय विमा चालू ठेवा. अमेरिकेतले उपचार वगळलेला घेतला तर हप्ता बराच उतरतो.

आम्ही उलट निघालोय, मुलाकडे सहा महिने. इथली पॉलिसी तिकडे चालेल का?

बहुधा नाही. व्हिजिटर विमा वेगळा घ्या, आणि त्यात जुने आजार किती धरले आहेत ते शब्द न् शब्द वाचा. कॅनडाच्या, आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी असलेल्या सुपर व्हिसाला किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा वर्षभराचा विमा सक्तीचा आहे, शेंगेन देशांना ३०,००० युरोचा. ग्रीन कार्डवर गेलेल्या पासष्टीपुढच्या आई-वडिलांना हप्ता भरून मेडिकेअर घ्यायचं तरी आधी सलग पाच वर्षं तिथं राहावं लागतं. इथली पॉलिसी बंद करून मात्र जाऊ नका.

पासपोर्टवर बेळगाव, आधारवर बेळगावी. अडचण येते का?

शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, त्यामुळे गावाच्या नावातला फरक समजावून सांगता येतो. माणसाच्या नावातला फरक जास्त त्रास देतो. तिकडे वडिलांचं नाव गळलेलं, आडनावाचं स्पेलिंग बदललेलं, बायकांचं माहेरचं नाव पॅनवर राहिलेलं. पॉलिसी, पॅन, ओसीआय आणि बँक, चारही ठिकाणी एकच नाव एकाच पद्धतीनं करून घ्या, आणि हे काम निरोगी असतानाच करा.

क्लेम नाकारला. आता?

आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा आणि नाकारण्याचं कारण पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली आहे ते लेखी मागा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे विमा लोकपाल. कर्नाटकासाठी त्यांचं कार्यालय बेंगळुरूला आहे. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते घेतात, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत जायचं. नियामकाचा १५५२५५ हा फोन नंबर आहे आणि बीमा भरोसा नावाचं पोर्टलही आहे. हिंडलग्याच्या एका आजोबांचं खोलीभाड्याच्या नावाखाली औषधांवर कापलेलं बिल आम्ही असंच लिहून परत मिळवलं. चार पत्रं लागली आणि पाच महिने.